आधी लाईट बिल वाचा, मग सोलर लावा : बमरोलीच्या सभासदांसाठी सरळ हिशोब



सध्या बमरोली, पांडेसरा, उधना या आपल्या भागात सोलरवाल्यांची माणसं गल्लोगल्ली फिरत आहेत. "लाईट बिल झिरो" असा रंगीत कागद हातात देतात, आधार कार्डाचा फोटो मागतात आणि सही करायला सांगतात. तोच कागद घेऊन सभासद संस्थेच्या ऑफिसात येतात आणि विचारतात, "लावू की नको?" परवा एका सभासदाने आणलेला कागद बघितला. घरात महिन्याला १२० युनिट वापर, आणि त्याला ५ किलोवॉटचं सोलर कर्जावर घ्यायला सांगितलेलं. बरं झालं, त्याने सही करण्याआधी विचारलं.

सोलर चांगलं की वाईट, हा वाद आम्ही घालत नाही. सोलर चांगलंच आहे. प्रश्न एवढाच आहे की आपल्या घराला किती लागतं. हे सोलरवाल्याच्या कागदावर लिहिलेलं नसतं, आपल्या लाईट बिलावर लिहिलेलं असतं. म्हणून आज बिलापासून सुरुवात करू.

बिलात काय काय असतं

आपल्याकडे बिल दोन महिन्यांचं येतं आणि गुजरातीत येतं. त्यामुळे बरेच जण खालचा आकडा बघून भरून टाकतात. बिल हातात घेतलं की आधी "युनिट" शोधा आणि त्याचे निम्मे करा. तो तुमचा महिन्याचा वापर.

पैसे चार ठिकाणी लागतात. पहिला फिक्स चार्ज. तो मंजूर लोडवर असतो, वापर शून्य असला तरी लागतो. दुसरा एनर्जी चार्ज, म्हणजे युनिटचे पैसे. तिसरा फ्यूअल चार्ज, तोही प्रत्येक युनिटवर लागतो आणि दर तीन महिन्यांनी बदलू शकतो. चौथी इलेक्ट्रिसिटी ड्युटी, शहरातल्या घराला १५ टक्के. ही ड्युटी वरच्या तिन्हींच्या बेरजेवर लागते.

बिलावर डीजीव्हीसीएल लिहिलेलं असेल तर शहरी घराचे युनिटचे दर असे आहेत : महिन्याच्या पहिल्या ५० युनिटला ३ रुपये ५ पैसे, पुढच्या ५० ला ३ रुपये ५० पैसे, १०१ ते २५० पर्यंत ४ रुपये १५ पैसे आणि २५० च्या वर ५ रुपये २० पैसे. ज्यांच्या बिलावर टोरंट पॉवर लिहिलंय त्यांनी आपल्या बिलाच्या मागचे दर बघावेत.

आता लोक म्हणतात, "आमचं युनिट तर तीन रुपयांचं आहे." तसं नाही. फ्यूअल चार्ज २ रुपये ३० पैसे धरला आणि वर ड्युटी धरली, तर पहिल्या टप्प्यातलं युनिट आपल्याला ६ रुपये १५ पैशांना पडतं. दुसऱ्या टप्प्यातलं ६ रुपये ६७ पैशांना, तिसऱ्यातलं ७ रुपये ४२ पैशांना आणि २५० च्या वरचं प्रत्येक युनिट ८ रुपये ६२ पैशांना. हे चार आकडे वहीत लिहून ठेवा. पुढचा सगळा हिशोब यावरच आहे.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या सभासदांनाही हे आकडे कामाचे आहेत. घरमालक सब-मीटर लावून युनिटचे काय घेतो आणि खरं काय पडतं, हे आता तुम्हाला कळेल. मालकाशी बोलताना भांडू नका, त्याच्या बिलाची झेरॉक्स मागा आणि सोबत बसून हिशोब करा.

१ किलोवॉट म्हणजे किती

आपल्याकडच्या उन्हात १ किलोवॉटचं सोलर दिवसाला सरासरी ४ युनिट देतं, म्हणजे महिन्याला साधारण १२०. मार्च, एप्रिल, मे मध्ये जास्त, जुलै-ऑगस्टच्या ढगात बरंच कमी. १ किलोवॉटला गच्चीवर साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते.

केंद्र सरकारची पीएम सूर्य घर मुफ्त बिजली योजना १३ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली. तिची मुदत २०२६-२७ या वर्षापर्यंत आहे. सबसिडी अशी : १ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ किलोवॉटला ६०,०००, आणि ३ किलोवॉटला ७८,०००. त्याच्या वर ४ लावा, ५ लावा, १० लावा, सबसिडी ७८,००० च राहते. सगळा डाव इथेच आहे. विकणाऱ्याला मोठं सोलर विकण्यात फायदा असतो, आपल्याला असेलच असं नाही.

तीन घरं, तीन हिशोब

हिशोब सोपा व्हावा म्हणून किलोवॉटमागे ६०,००० रुपये खर्च धरू. लहान सोलरला किलोवॉटमागे थोडं जास्त पडतं, मोठ्याला थोडं कमी.

पहिलं घर, महिन्याला १२० युनिट. दोन पंखे, टीव्ही, फ्रीज. बिल महिन्याला सुमारे ८०० रुपये. १ किलोवॉट लावलं तर फिक्स चार्ज सोडून जवळपास सगळं वाचतं, म्हणजे ७९० रुपये. खर्च ६०,०००, सबसिडी ३०,०००, खिशातून ३०,०००. सव्वातीन वर्षांत पैसे वसूल.

दुसरं घर, २५० युनिट. बिल सुमारे १,७८० रुपये. २ किलोवॉट लावलं तर बिल १०० रुपयांच्या आत येतं, बचत सुमारे १,६९०. खिशातून ६०,०००. तीन वर्षांत वसूल.

तिसरं घर, ४०० युनिट. एकत्र कुटुंब, एसी किंवा मोठा फ्रीजर. बिल ३,००० च्या वर. ३ किलोवॉट लावलं तर बचत सुमारे २,८००. खिशातून १,०२,०००. हेही तीन वर्षांत वसूल.

बघा, घर लहान असो की मोठं, सोलर वापराच्या मापाचं असेल तर तीन-सव्वातीन वर्षांत पैसे परत येतात. त्यानंतरची वर्षं आपली. पॅनलची वॉरंटी साधारण २५ वर्षांची मिळते. इन्व्हर्टर मात्र मध्ये एकदा बदलावा लागू शकतो, त्याचे पैसे बाजूला ठेवा.

आता त्या १२० युनिटवाल्या घराला ५ किलोवॉट लावून बघू. खर्च ३ लाख, सबसिडी ७८,०००, खिशातून किंवा कर्जातून २,२२,०००. सोलर देणार महिन्याला ६०० युनिट. घरात लागणार १२०. उरलेले ४८० कंपनीला जाणार.

इथे लोक फसतात. "उरलेली वीज सरकार विकत घेतं" हे खरं आहे. पण काय भावाने? गुजरातमध्ये घरगुती ग्राहकाला जास्तीच्या युनिटला २ रुपये २५ पैसे मिळत आले आहेत. म्हणजे आपण घेताना सहा-सात रुपयांना घेतो आणि देताना सव्वादोनला देतो. ४८० युनिटचे झाले १,०८०. बचत ७९० धरून महिन्याचा एकूण फायदा १,८७०. पैसे वसूल व्हायला जवळपास दहा वर्षं. आणि २,२२,००० चं कर्ज १० टक्के व्याजाने ५ वर्षांचं घेतलं तर हप्ता पडतो महिन्याला ४,७०० रुपये. आठशेचं बिल वाचवायला सत्तेचाळीसशेचा हप्ता! मासळीचा धंदा पावसाळ्यात बसतो, पण हप्ता बसत नाही.

मोढेऱ्याचं उदाहरण घ्या. मेहसाणा जिल्ह्यातलं हे सूर्यमंदिराचं गाव ९ ऑक्टोबर २०२२ ला देशातलं पहिलं चोवीस तास सौर विजेवर चालणारं गाव म्हणून जाहीर झालं. तिथे १,३०० हून जास्त घरांवर सोलर बसवलं, ते एका घराला १ किलोवॉटच्या मापाने. साध्या घराला साधं सोलर पुरतं.

हिवाळ्याचा हिशोब वेगळा

आपल्याकडे जास्तीच्या युनिटचा हिशोब त्या-त्या बिलातच संपतो. डिसेंबर-जानेवारीत पंखे बंद असतात, ऊन चांगलं असतं, म्हणून युनिट उरतात. ते उरलेले युनिट मे महिन्यासाठी साठवून ठेवता येत नाहीत, सव्वादोनच्या भावाने निघून जातात. म्हणून उन्हाळ्यातलं सगळ्यात मोठं बिल बघून माप ठरवू नका. वर्षाची सहा बिलं घ्या, सगळे युनिट एकत्र करा, १२ ने भागा. जी सरासरी येईल तिला १२० ने भागा. तेवढे किलोवॉट. उत्तर दीड आलं तर आधी १ चा विचार करा, आणि घरात पुढे वापर वाढणार असेल तरच २ चा.

फ्रीजर ठेवणाऱ्या ताईंसाठी

आपल्या बऱ्याच सभासद ताई घरात डीप फ्रीजर ठेवतात. सकाळी मासळी उरली की संध्याकाळी परत बाजारात. एक फ्रीजर दिवसाला साधारण २ ते ३ युनिट खातो. महिन्याला ६० ते ९० युनिट. हे युनिट घराच्या वापरावर चढतात आणि वरच्या टप्प्यात जातात.

पण पैशापेक्षा मोठी गोष्ट दुसरी आहे. घरगुती मीटरवर धंद्याचा फ्रीजर चालवणं हा मंजूर कामापेक्षा वेगळा वापर धरला जाऊ शकतो. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अशा वापराची आकारणी दुप्पट दराने होते, आणि किती दिवस चालू होतं हे कळलं नाही तर १२ महिने मागचं धरतात. एवढी रक्कम एकदम भरणं टोपलीवर धंदा करणाऱ्या बाईला झेपणारं नाही.

म्हणून जिथे फ्रीजर धंद्यासाठीच आहे तिथे वेगळं कनेक्शन घेणं बरं. डीजीव्हीसीएलचा १० किलोवॉटपर्यंतचा बिगर-घरगुती दर युनिटला ४ रुपये ३५ पैसे आहे. घराचा वरचा टप्पा ५ रुपये २० पैशांचा आहे, हे लक्षात घ्या. फिक्स चार्ज आणि ड्युटी धंद्याला जास्त लागते, तरी फरक लोकांना वाटतो तेवढा मोठा नाही. शिवाय सूर्य घरची सबसिडी फक्त घरगुती कनेक्शनला आहे. अर्ज केल्यावर कंपनीचा माणूस तपासणीला येतो, तेव्हा घर घरासारखंच असलेलं बरं.

फ्रीजरचा वापर कमी करायला खर्च लागत नाही. दाराच्या रबरात कागद धरून दार बंद करा. कागद सहज ओढला गेला तर रबर गेलंय, बदला. आत बोटभर बर्फ जमू देऊ नका. फ्रीजर पत्र्याखाली किंवा उन्हाच्या भिंतीला लावू नका, मागे वीतभर जागा सोडा. मासळी आधी बर्फात गार करा, मग आत ठेवा.

सोलरच्या आधी स्वस्तातली बचत

जुना पंखा ७५ वॉट खातो, नवा बीएलडीसी पंखा ३० ते ३५. दिवसाला १५ तास चालणारा एक पंखा बदलला तर महिन्याला १८ युनिट वाचतात, म्हणजे तिसऱ्या टप्प्यातल्या घराला १३० रुपयांच्या वर. घरात असे तीन पंखे बदलले तर ५० च्या वर युनिट कमी होतात. मग जिथे २ किलोवॉट लागणार होतं तिथे १ मध्ये भागू शकतं. आधी वापर कमी करा, मग माप काढा. उलट केलं तर लहान वापरासाठी मोठं सोलर अंगावर पडतं.

बमरोलीत लावताना काय बघायचं

पहिलं, धूर. पांडेसऱ्याच्या डाइंग-प्रिंटिंग मिलांच्या भट्ट्या कोळशावर चालतात. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते हे आपण रोज बघतो, तीच काजळी पॅनलवर बसते आणि युनिट कमी होतात. आठ-पंधरा दिवसांनी सकाळी लवकर, पॅनल थंड असताना, साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने पुसा. दुपारच्या तापलेल्या काचेवर थंड पाणी टाकू नका. बोअरच्या खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग बसतात, म्हणून शेवटी कोरडं पुसून घ्या.

दुसरं, पूर. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचं पाणी शहरात कसं शिरलं ते सुरतेत कोणी विसरलेलं नाही, आणि पावसाळ्यात खाडीचं पाणी तर अजूनही चढतं. इन्व्हर्टर आणि मीटरच्या पेट्या खालच्या ओट्यावर नको, उंचावर बसवून घ्या.

तिसरं, उत्तरायण. १४ जानेवारीला आपल्या गच्च्यांवर पोरांची किती गर्दी असते ते सांगायला नको. पॅनलवर पाय देऊ देऊ नका. काच वरून फुटलेली दिसली नाही तरी आत तडा जातो. पॅनलखाली आणि वायरींत अडकलेला मांजा हाताने ओढू नका, ऊन असेपर्यंत पॅनलच्या वायरीत करंट असतो.

चौथं, लाईट गेली की साधं सोलरही बंद पडतं. हे कोणी सांगत नाही. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. लाईट गेल्यावरही घर चालू हवं असेल तर बॅटरी लागते, आणि तिचा खर्च वेगळा.

पाचवं, गच्ची कोणाची? रो-हाऊसमध्ये वर भावाचं घर, खाली आपलं, असं असेल तर आधी घरात बसून ठरवा. फ्लॅटमध्ये गच्ची सगळ्यांची असते. तिथे सोसायटीच्या नावाने पाण्याची मोटर, जिना, लिफ्ट यांच्या विजेसाठी सोलर लावता येतं, त्याला किलोवॉटमागे १८,००० रुपये सबसिडी आहे. महिन्याचा मेन्टेनन्स त्याने कमी होतो.

कागद आणि पैसे

अर्ज पीएम सूर्य घरच्या सरकारी पोर्टलवरच होतो. ज्याच्या नावाने मीटर, त्याच्याच नावाने अर्ज. आपल्यातल्या बऱ्याच घरांचं मीटर अजून वारलेल्या वडिलांच्या किंवा जुन्या मालकाच्या नावावर आहे, त्यांनी आधी नाव बदलून घ्यावं. काम नोंदणी असलेल्या व्हेंडरकडूनच करायचं. सबसिडीसाठी पॅनल आणि त्यातले सेल भारतात बनलेले हवेत, तसं बिलावर लिहून घ्या. पाच वर्षांची देखभाल व्हेंडरने करायची असते, तीही लेखी घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, कोटेशनमध्ये तो नीट लावलाय का ते बघा.

सबसिडी काम पूर्ण होऊन, नेट मीटर बसून, तपासणी झाल्यावर आपल्या बँक खात्यात येते. ती व्हेंडरच्या खात्यात जात नाही. "सबसिडी पास करून देतो, आधी इतके भरा" असं कोणी म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. कर्ज लागलंच तर आधी सरकारी बँकेत जा. या योजनेत ३ किलोवॉटपर्यंत २ लाखांच्या आतलं कर्ज तारणाशिवाय मिळतं, आणि व्याज बाहेरच्या फायनान्सपेक्षा बरंच कमी असतं.

गावाकडच्या घराचं काय

आपल्यातल्या बऱ्याच जणांचं नंदुरबार, धुळे, जळगावकडे घर आहे, आई-वडील तिथे राहतात. तिथे महावितरणची वीज आहे. महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असलेल्या घरांसाठी महाराष्ट्र सरकारची "स्मार्ट" योजना आहे. तिच्यात दारिद्र्यरेषेखालच्या घराला १ किलोवॉटसाठी केंद्राच्या ३०,००० वर राज्याचे १७,५०० मिळतात. गावाला फोन कराल तेव्हा हे विचारा. मात्र बंद घरावर सोलर लावू नका, धूळ खात पडेल.

एकत्र आलो तर

आपण सहकारी संस्था आहोत म्हणून शेवटी एक सहकाराचीच गोष्ट. खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौर ऊर्जा उत्पादक सहकारी मंडळी उभी केली. शेताच्या सोलर पंपाची उरलेली वीज त्यांनी एकत्र मोजून मध्य गुजरात वीज कंपनीला विकायचा करार केला, युनिटला ४ रुपये ६३ पैशांनी, २५ वर्षांसाठी. माणसं सहाच होती, पण मंडळी म्हणून गेली, म्हणून कंपनीशी बोलता आलं.

आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाही. दहा-बारा घरांनी एकाच वेळी, एकाच मापाचा हिशोब घेऊन तीन व्हेंडरकडून कोटेशन मागितलं तरी भाव उतरतो, आणि पुढे पॅनल बिघडलं तर दहा घरांचा फोन तो टाळू शकत नाही.

ज्यांना सोलरचा विचार आहे त्यांनी वर्षाची सहा लाईट बिलं, घराच्या टॅक्सची पावती आणि मिळालं असेल तर सोलरवाल्याचं कोटेशन घेऊन संस्थेच्या ऑफिसात यावं. बसून युनिट जोडू, माप काढू. फी नाही. ज्यांच्या घरात महिन्याला ५०-६० युनिटच लागतात त्यांना आम्ही स्पष्ट सांगू की थांबा, आधी पंखा बदला. आणि कोणी घाई करत असेल, "आज सही नाही केली तर योजना बंद" म्हणत असेल, तर त्याला सांगा, आमच्या संस्थेत दाखवून येतो.

आपला,
सेक्रेटरी, संस्थेच्या वतीने